आखाजीला परत चाललेली गाडी

निरंजनरावांना जगातली कुठलीच वस्तू पसंत पडायची नाही, हे मनकर्णेला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं. हळदीचं पाणी गार, बँडवाले बेसूर, आणि सासऱ्यानं दिलेलं घड्याळ बंद पडणारं! आता घड्याळ बंद का पडलं, तर नवरदेवाला त्याला चावी द्यायचं सुचलं नव्हतं. पण हे सांगणार कोण? जावई होते ना! तिच्या माहेरच्या, देडतलाईच्या त्या मांडवात चार शहाण्या माणसांनी माना खाली घातल्या, आणि तिच्या बापानं दुसऱ्या दिवशी दुसरं घड्याळ आणून दिलं. तेही त्यांना आवडलं नाहीच.

बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी दफ्तरात ते बाबू म्हणून लागले आणि बडे बाबू म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात काय केलं, हे दफ्तरालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, लाल पेनानं शेरा मारायचा, आणि फाईल परत पाठवायची. एवढ्यावर माणसाची नोकरी निघते, घर होतं, पेन्शन लागते. निवृत्तीनंतर फाईली संपल्या, पण पेन काही खिशातून गेलं नाही. मग भाजीवाल्याच्या मेथीवर शेरा, सुनेच्या चहावर शेरा, समोरच्या पावरलूमच्या खटखटीवर शेरा. जणू काही लूम यांच्या झोपेसाठीच बंद ठेवायची होती!

गल्लीतल्या बाया म्हणायच्या, मनकर्णाबाई फार सोशिक. कसलं सोशिक! तिला नवऱ्याचा राग यायचाच नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी वजनाचा लागतो. हा माणूस बोलायला लागला की ती भाकरी उलटायची, नळ सोडायची, कुकरची शिट्टी मोजायची. आत आत एक थंड, स्वच्छ तुच्छता होती, आणि ती तिनं इतकी वर्षं नीट झाकून ठेवली होती. तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

तिचं म्हणावं असं एकच होतं. माहेर. आईबाप गेले, पण धाकटा भाऊ निंबा होता, त्याची केळी होती, त्याची बायको शीतल होती, आणि दर आखाजीला तिला न्यायला देडतलाईहून कुणीतरी यायचंच. आमच्याकडे लेकीबाळींची दिवाळी म्हणजे आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया. केस पांढरे झाले तरी लेक त्या दिवशी माहेरी जाणार, अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर बसणार, आमरस खाणार, गौराईची गाणी म्हणणार. तिथं गेल्यावर ती बडे बाबूंची बायको नसायची. ती नुसती मनी असायची.

मागच्या आखाजीला निंबानं नवी मोठी गाडी घेतली आणि जुनी छोटी पांढरी गाडी तिच्यापुढं उभी केली. “ताई, तुझे गुडघे दुखतात. बसमध्ये उभं राहू नको आता. ही तुला.” गाडी त्यानं शेतातून, चिखलातून, केळीच्या चिकाच्या डागांसकट पळवली होती, आणि ती एकदाही रस्त्यात बसली नव्हती. मनकर्णेचे डोळे भरून आले. निरंजनरावांनी बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि विचारलं, “हा रंग असा पिवळट का?”

दान की बछिया के दाँत नहीं देखते, असं इकडे लहान पोरंसुद्धा म्हणतात. पण फुकटच्या कालवडीचे दात नाही बघायचे तर मग बडे बाबूंनी बघायचं काय?

गाडी चालवायला ते निवृत्तीनंतर शिकले होते, त्यामुळं गाडीबद्दल त्यांना सगळंच माहीत होतं. त्यांनी ती धुतली, पुसली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि हुकूम सोडला. “गाडी म्हणजे लक्ष्मी. पायताण घालून आत कुणी यायचं नाही.” झालं! पाहुणे असोत, नातवंडं असोत, कुणी म्हातारं माणूस दवाखान्यातून येत असो, आधी चपला काढायच्या, डिक्कीत ठेवायच्या, मग बसायचं. उतरताना डिक्की उघडेपर्यंत तापलेल्या डांबरावर नाचायचं. नियम साहेबांनाही लागू होता. फक्त साहेब पहिल्याच आठवड्यात आपल्या चपला गल्लीतच विसरून शनवाऱ्याच्या बाजारापर्यंत गेले, आणि भर उन्हात अनवाणी उतरून भाजी घेतली. तेव्हापासून त्यांच्या जाड तळव्याच्या चामडी चपला डिक्कीत जाईनात. त्या त्यांच्याच सीटखाली राहू लागल्या. बडे बाबूंसाठी नियमात तेवढी सोय असतेच.

दिवाळीनंतर गाडी रुसायला लागली. रोज नाही. चार दिवस बरी चालायची आणि पाचव्या दिवशी, नेमकं लग्नाला निघायचं असलं की, चावी फिरवली तरी मुकी. सेल्फ नाही, घरघर नाही, काही नाही. दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, पण इंजिन हूं का चूं करायचं नाही. मग गल्लीतल्या लोकांनी धक्का मारायचा. लूमवरची माणसं बनियनवर बाहेर यायची, ढकलायची, गाडी चालू व्हायची आणि निरंजनराव आतून ओरडायचे, “हळू! रंग जाईल!”

लोटू नावाचा एक इलेक्ट्रिशियन मोटरसायकलवर यायचा. तो आला की निरंजनराव चपला घालून खाली उतरायचे, लोटूला चपला काढायला लावायचे, आणि शेजारी उभं राहून वीज म्हणजे काय ते त्याला समजावायचे. लोटू आत बसायचा, चावी फिरवायचा, आणि गाडी पहिल्याच झटक्यात भुर्रकन चालू!

“हो गई, बाबूजी.”

“हो गई म्हणजे? का झाली? आत्ता नव्हती होत!”

लोटूही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. चालू गाडीत खोट सापडेना, तर रिकाम्या हातानं परत जाणं त्याच्या जिवावर यायचं. त्यानं बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली. मग म्हणाला बॅटरीच बसली आहे, ती बदलली. मग सेल्फ खोलून साफ केला. मग रिले बदलला, मग चावीचं कुलूप. दर वेळी गाडी त्याच्या हातात चालू व्हायची आणि दोनचार दिवसांनी निरंजनरावांच्या हातात पुन्हा मुकी. शेवटी लोटूनं हात टेकले. “बाबूजी, मेरे सामने तो कभी बंद हुई ही नहीं. आता मी काय करू?”

ज्याच्या हाती काहीच सापडत नाही, त्याला दोषी माणूस मात्र लगेच सापडतो. निरंजनरावांना निंबा सापडला.

“तुझ्या भावानं जाणूनबुजून खराब माल गळ्यात मारला,” ते म्हणाले. “म्हणून तर फुकट दिली!”

“निंबा असं नाही करणार,” मनकर्णा म्हणाली.

“तुझं डोकं कधी चाललंय?”

मग ही कथा ते जिथं माणूस भेटेल तिथं सांगू लागले. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, तेराव्याच्या बैठकीत. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर बसून हा माणूस सेल्फचं सांगायचा! आणि एके दिवशी घरी चार नातेवाईक बसलेले असताना त्यांनी निंबाला फोन लावला, स्पीकर चालू केला, आणि फाईल वाचावी तसं वाचून दाखवलं. “या आखाजीला गाडी घेऊन येतो. चार लोकांसमोर परत घ्यायची, आणि चार लोकांसमोर कबूल करायचं, खराब होती म्हणून. नाही केलंस, तर तुझी बहीण पुन्हा देडतलाईची पायरी चढणार नाही. समजलं?”

पलीकडून निंबा हळूच म्हणाला, “या ना दाजी. आधी या तर खरं.”

मनकर्णा दारात उभी होती. हातातली पाण्याची तांब्याची कळशी तिनं खाली ठेवली. इतकी वर्षं या माणसाचं बोलणं तिच्यावरून पाण्यासारखं गेलं होतं. या वेळी मात्र ते आत जाऊन बसलं. हा माणूस बोलेल ते करून दाखवणारा होता, कारण त्याला त्यात कष्ट नव्हते. तिचं माहेर तोडायला, न्यायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं पुरेसं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ती ओट्यावर कुरडया वाळत घालत होती. निरंजनराव अंगणात गाडी तयार करत होते. उकाड्यामुळं गाडीचं दार उघडंच होतं. ते अनवाणी आत बसले, पाय दाबला, चावी फिरवली. मुकी. पुन्हा फिरवली. मुकी. “घ्या! आहेच!” असं ते खुशीत म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. उद्याचा पुरावा तयार होता.

पण मग कपाळाला आठी पडली. पायाखाली काहीतरी टोचलं असावं. ते वाकले, क्लचच्या पेडलखाली हात घातला, आणि बाहेर काय आलं? त्यांची स्वतःची चप्पल! जाड तळव्याची, सीटखालून घसरत घसरत पुढं आलेली, पेडलच्या मागं पाचरीसारखी बसलेली. त्या गाडीला क्लच तळाला टेकवल्याशिवाय सेल्फ लागत नाही, एवढीच तर गोष्ट होती! चप्पल आड आली की पेडल खाली जाईना, पेडल जाईना म्हणून गाडी मुकी. लोटूला दाखवायला उतरताना हे महाराज न बघता, पायानंच चाचपून चपला घालून उतरायचे, तेवढ्यात पेडल मोकळं, आणि गाडी चालू. त्यांनी चप्पल बाजूला ठेवली, पाय दाबला, चावी फिरवली. भुर्र!

मनकर्णेच्या हातातली कुरडई तशीच राहिली. तिला हसू फुटलं, आणि खरं सांगायचं तर तिला नवऱ्याबद्दल क्षणभर मायाही वाटली. आता हा ओरडेल, ‘अगं मने, बघ काय गाढवपणा,’ म्हणेल, निंबाला फोन करेल, आणि उद्या देडतलाईला सगळे पोट धरून हसतील. कुणाच्याही हातून होण्यासारखी चूक होती. ती हाक मारायला तोंड उघडणार होती.

निरंजनरावांनी इंजिन बंद केलं. चपलेकडं बघितलं. मग मान वळवून गल्लीत डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. वर ओट्याकडं मात्र बघितलं नाही, कारण तिथं काय, नुसती बायको होती. आणि मग त्यांनी ती चप्पल खाली ठेवून टाचेनं, नीट, पेडलच्या मागं ढकलली. चावी फिरवली. मुकी.

“मनकर्णे!” ते ओरडले. “ये, बघ! पुन्हा बंद! तुझ्या भावाचा माल!”

ती गेली, बघून परत आली आणि कुरडया घालू लागली. बोलली असती तर तो म्हणाला असता, चप्पल तूच सरकवलीस. तोंडातून शब्द निघायच्या आधीच तिला त्याचं उत्तर ऐकू येत होतं. आणि आत कुठंतरी तिला असंही वाटत होतं, की माणूस आहे, रात्रभर लाज वाटेल, उद्या वाटेत सांगेल. इतकी वर्षं त्याला ओळखून तिनं ही आशा केली, याची तिला नंतर स्वतःचीच चीड आली.

आखाजीच्या सकाळी गाडी मुकाट्यानं चालू झाली. बघायला कुणी नव्हतं ना! रवा-तुपाच्या दराब्याचा डबा मांडीवर घेऊन ती शेजारी बसली. वाटेत खकनारला उसाचा रस प्यायला थांबले, तिथंही पुन्हा चालू झाली. “आज कशी काय बरी चालतेय?” तिनं विचारलं. “देवाची कृपा,” निरंजनराव म्हणाले, आणि पुढं देडतलाई येईपर्यंत कापसाच्या भावावर बोलत राहिले. तिनं त्यांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. तिथं लाज नव्हती. होती ती फक्त घाई.

निंबाच्या अंगणात माणसं होतीच. शेजारच्या माहेरवाशिणी झोक्यापाशी, चुलतभाऊ खाटांवर, शीतल दारात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन ओवाळायला उभी. निंबा पुढं आला. “या दाजी, उतरा. आधी पाणी घ्या.”

“पाणी नंतर.” निरंजनरावांनी गाडी बंद केली आणि काच खाली केली. “सगळे या इकडं. बघा डोळ्यांनी.” त्यांची टाच हलली, हे मनकर्णेनं बघितलं. मग त्यांनी पाय दाबला आणि चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. “ऐकू येतंय कुणाला काही? ही गाडी यानं माझ्या गळ्यात मारली! मोठ्या मनाचा भाऊ!”

निंबा गाडीच्या दाराशी आला, सवयीनं वाकला आणि पेडलकडं बघितलं. ती गाडी त्यानं वर्षानुवर्षं चालवलेली होती. मनकर्णेला दिसलं, त्याची नजर खाली गेली, तिथं थांबली, आणि मग वर येऊन सरळ तिच्यावर टेकली. त्यानं चप्पल बघितली होती.

तो सरळ उभा राहिला. हात जोडले. “दाजी म्हणतात ते खरं आहे,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “गाडी खराबच होती. माझ्याकडनं चूक झाली. ठेवून जा, मी दुसरी बघतो ताईसाठी.”

“बघा! बघा!” निरंजनराव म्हणाले. “मी काय सांगत होतो?”

निंबाच्या त्या जोडलेल्या हातांकडं बघताना मनकर्णेच्या डोक्यात काहीतरी लख्खकन पेटलं. आपण काहीच न बोलता या माणसाला तुच्छ लेखतो, याचा तिला मोठा तोरा होता. पण त्या न बोलण्याची भरपाई कोण करत होतं? घड्याळाच्या वेळी बापानं केली, आता भाऊ करत होता. ती मनात राणी होऊन बसली होती आणि तिच्या घरचे लोक अंगणात हात जोडून उभे होते. तिला स्वतःची शिसारी आली.

ती उतरली. अनवाणीच, तापल्या मातीवरून गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली आणि दार उघडून उभी राहिली.

“अहो, पाय उचला.”

त्यांनी सवयीनं उचलला. तिनं वाकून पेडलखालून चप्पल ओढून काढली, सीटखालची दुसरी काढली, आणि दोन्ही अंगणात सगळ्यांसमोर त्यांच्या पुढं ठेवल्या. “घाला. आणि उतरा.”

“अगं, हे काय...”

“उतरा म्हणते ना!”

असा आवाज त्या माणसानं कधी ऐकला नव्हता. तो उतरला. ती आत बसली. गाडी काही तिला येत नव्हती, पण वर्षभर शेजारी बसून पाय कुठं दाबायचा एवढं कळलं होतं. स्टिअरिंगला लटकून तिनं पेडल तळापर्यंत दाबलं आणि चावी फिरवली. भुर्रकन गाडी चालू झाली. झोक्यापाशी कुणीतरी फिसकन हसलं आणि तोंडावर पदर धरला.

“काल अंगणात ह्यांना ही चप्पल सापडली,” ती म्हणाली. “मी बघितलं. काढली, गाडी चालू झाली. मग परत ढकलली, तेही बघितलं. निंबाची गाडी ठणठणीत आहे. नाचता येईना, तर अंगण माझ्या बापाचं वाकडं!”

निरंजनरावांनी चपला घातल्या. एका लहान पोरालासुद्धा तोंड लपवावंसं वाटलं असतं. त्यांनी गाडीच्या आत डोकावून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, “कंपनीची डिझाइनच चुकीची. पेडलखाली एवढी जागा ठेवतात का कुठं?” मग उन्हाकडं बघून कपाळ पुसलं. “चला, पानं मांडा. उशीर झालाय.”

आणि निंबा, देवमाणूस, लगबगीनं पुढं झाला. “हो हो, दाजी, चला.”

ती गाडीतून उतरली तेव्हा तो तिच्यापाशी येऊन कुजबुजला, “ताई, कशाला बोललीस?”

“तू बघितली होतीस ना चप्पल?”

“बघितली.” तो खाली बघत राहिला. “गाडीचं काय एवढं? तू येत राहायला पाहिजेस ना.”

ती पाय धुऊन आत गेली. पंगत मांडली होती. भिंतीशी, पंख्याखाली, जावयाचा पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि तिथं निरंजनराव आधीच मांडी घालून बसले होते. निंबा पलीकडच्या टोकाला, नुसत्या जमिनीवर. शीतल आमरसाचं पातेलं घेऊन जावयाकडं निघाली. आखाजीला जावयाच्या पानात रस पडल्याशिवाय त्या घरात कुणाच्या पानात पडल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

मनकर्णेनं शीतलच्या हातातलं पातेलं घेतलं. पंख्याखालच्या पाटापुढून ती तशीच टोकाला गेली, भावासमोर गुडघ्यांवर बसली, आणि पळीनं रस काढला.

“ताई, आधी दाजींना,” निंबा घाबरून म्हणाला आणि ताटावर हात आडवा धरला.

“हात काढ,” ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या पानात वाढलं. मग आणखी एक पळी वाढली. मागून निरंजनरावांचा आवाज आला, “मनकर्णे, इकडं!”

“थांबा,” ती मागं न बघता म्हणाली. “आधी माझा भाऊ जेवतोय.”